न जेवता वाढणारी साखर: इन्सुलिनचे काम आणि मधुमेहातील त्याची भूमिका

विचारलेले प्रश्न तीन आहेत. रात्री जवळजवळ काहीही न खाता झोपलेल्या मधुमेही व्यक्तीची सकाळची साखर झोपतानाच्या साखरेपेक्षा जास्त का निघते? तपासणीत इन्सुलिन भरपूर असल्याचे दिसत असताना त्याच माणसाला मधुमेह कसा होतो? आणि ताप किंवा उलट्यांमुळे जेवण गेलेच नाही, तर त्या दिवशी इन्सुलिन टाळावे का? प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण तिन्ही एकाच गैरसमजातून निघालेले आहेत. इन्सुलिन म्हणजे पेशीचे कुलूप उघडून साखरेला आत घेणारी किल्ली, असे चित्र बहुतेकांच्या मनात ठसलेले असते. ते खोटे नाही, पण त्यात इन्सुलिनच्या कामाचा जेमतेम अर्धा भाग येतो. उरलेला अर्धा भाग साखर आत घेण्याचा नसून शरीराला स्वतः साखर तयार करण्यापासून आवरण्याचा आहे, आणि मधुमेह समजून घ्यायचा तर हाच भाग अधिक महत्त्वाचा आहे असे माझे मत आहे.

आधी थोडा हिशेब मांडू. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. उपाशीपोटी साखर दर डेसिलिटरला ९० मिलिग्रॅम धरली, तर संपूर्ण रक्तात मिळून सुमारे साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याइतकीच साखर फिरत असते. एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. बाहेरून भर पडली नाही तर रक्तातला हा साठा तासाभरातच संपायला हवा. प्रत्यक्षात मात्र दहा-बारा तासांच्या उपासानंतरही निरोगी माणसाची साखर ८०-९० च्या आसपासच राहते. याचा अर्थ ती सतत कोणीतरी भरून काढत असते. हे काम मुख्यतः यकृत करते आणि त्यात मूत्रपिंडांचाही काही वाटा असतो. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचे साठवणीतले रूप, साठवलेले असते. ते मोडून, आणि ते कमी होऊ लागले की लॅक्टेट, ग्लिसरॉल व अमिनो आम्ले यांपासून नवे ग्लुकोज घडवून, यकृत रात्रभर तासाला सुमारे ८ ग्रॅम या वेगाने साखर रक्तात सोडत राहते. स्नायूंमध्ये याहून कितीतरी जास्त, सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. पण ग्लुकोज मोकळे करून रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) स्नायूंपाशी नसल्यामुळे तो साठा त्यांच्या स्वतःच्याच कामी येतो.

यकृताने किती साखर सोडावी हे प्रामुख्याने दोन संप्रेरके ठरवतात. ग्लुकागॉन ती सोडायला लावते आणि इन्सुलिन तिला आवर घालते. ही दोन्ही स्वादुपिंडातील सूक्ष्म पेशीसमूहांत, म्हणजे लँगरहॅन्सच्या द्वीपकांत तयार होतात. पाउल लँगरहॅन्स यांनी १८६९ मध्ये प्रथम पाहिलेली ही द्वीपके संख्येने सुमारे १० लाख असली, तरी एकूण स्वादुपिंडाच्या वजनात त्यांचा वाटा एक-दोन टक्क्यांचाच असतो. त्यांतील बीटा पेशी इन्सुलिन स्रवतात आणि अल्फा पेशी ग्लुकागॉन. येथे शरीररचनेतील एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो, कारण पुढे उपचाराच्या वेळी तो फार महत्त्वाचा ठरतो. स्वादुपिंडाचे रक्त थेट सर्व शरीरात जात नाही. ते आधी प्रतिहारी शिरेतून यकृतात पोहोचते. त्यामुळे शरीराच्या इतर भागांपेक्षा यकृताला दोन-तीन पट दाट इन्सुलिन मिळते, आणि त्यातले सुमारे निम्मे यकृतातच वापरले जाऊन नष्ट होते. निसर्गाने इन्सुलिनची पहिली नेमणूक यकृतावरच केलेली आहे.

साखर वाढल्याचे बीटा पेशीला कळते ते तिच्या स्वतःच्या चयापचयातून. रक्तातले ग्लुकोज पेशीत शिरते आणि ग्लुकोकायनेज हे विकर त्याच्यावर पहिली प्रक्रिया करते. ती किती वेगाने होते हे रक्तातल्या साखरेवर अवलंबून असते. ग्लुकोज जळून पेशीत ऊर्जेचे रेणू वाढले की पेशीपटलातील पोटॅशियमचे विशिष्ट मार्ग बंद होतात, पटलावरील विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरते आणि आधीच तयार असलेल्या इन्सुलिनच्या पुटिका, म्हणजे सूक्ष्म पिशव्या, रिकाम्या होतात. सल्फोनिलयुरिया गटातील जुनी औषधे नेमका हाच पोटॅशियमचा मार्ग बंद करतात. म्हणूनच साखर कमी असतानाही ती इन्सुलिन स्रवायला लावू शकतात, आणि म्हणूनच त्या औषधांवर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

रक्तात मिसळल्यावर इन्सुलिन फार काळ टिकत नाही; दर चार ते सहा मिनिटांनी त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. हा अल्पजीवीपणा म्हणजे दोष नसून सोय आहे. साखर उतरू लागताच स्राव कमी होतो आणि काही मिनिटांतच इन्सुलिनचा प्रभावही ओसरतो. सुईने टोचलेल्या इन्सुलिनला ही माघार घेता येत नाही.

जेवणाच्या वेळी हे सगळे कसे जुळून येते ते पाहू. समजा, एका जेवणातून ७५ ग्रॅम ग्लुकोज रक्तात यायचे आहे. साडेचार ग्रॅमच्या साठ्यात ७५ ग्रॅमची भर पडत असूनही निरोगी माणसाची साखर सहसा १४० च्या वर जात नाही. अन्न आतड्यात पोहोचताच जीएलपी-१ आणि जीआयपी ही आतड्यातील संप्रेरके बीटा पेशींना सावध करतात. तेवढेच ग्लुकोज शिरेतून दिले तर त्यापेक्षा तोंडाने घेतल्यावर अधिक इन्सुलिन स्रवते, याचे कारण हेच. इन्सुलिनचा पहिला झोत सुमारे दहा मिनिटांत येऊन जातो आणि त्यानंतर जेवण पचेपर्यंत संथ स्राव चालू राहतो. या पहिल्या झोताचे मुख्य काम यकृताला थांबवणे हे आहे. बाहेरून साखर येत असताना आतून होणारा पुरवठा चालूच राहिला, तर दोन्ही प्रवाह एकत्र येऊन साखर चढणार हे उघड आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात अगदी सुरुवातीला हरवतो तो हाच पहिला झोत.

स्नायूंमध्ये मात्र किल्लीचे चित्र बऱ्याच अंशी लागू पडते. इन्सुलिन पेशीवरील आपल्या रिसेप्टरला चिकटले की आत संदेशांची एक साखळी सुरू होते आणि ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात. त्यांच्यामार्फत ग्लुकोज आत जाते. व्यायाम करणारा स्नायू हेच वाहक इन्सुलिनशिवाय, निराळ्या मार्गाने पृष्ठभागावर आणतो. त्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावलेल्या माणसालाही जेवणानंतरच्या चालण्याचा उपयोग होतो. मेंदू आणि तांबड्या रक्तपेशी यांना ग्लुकोज आत घेण्यासाठी इन्सुलिनची गरजच नसते. इन्सुलिनशिवाय शरीरात साखर कोठेच शिरत नाही, हा समज त्यामुळे बरोबर नाही.

तिसरे स्थान मेदपेशींचे. इन्सुलिन त्यांच्यातील चरबी मोडण्याची क्रिया रोखते. या तीन कामांसाठी लागणारे इन्सुलिनचे प्रमाण सारखे नसते, ही गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. चरबीचे विघटन रोखायला अगदी थोडे इन्सुलिन पुरते, यकृताला आवरायला त्याहून जास्त लागते, आणि स्नायूंत साखर भरायला सर्वांत जास्त. दोन प्रमुख प्रकारच्या मधुमेहांत दिसणारा फरक बराचसा या उतरंडीवरून उलगडतो.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा बीटा पेशींवरच उलटते आणि त्या नष्ट होत जातात. हा आजार लहान मुलांचाच असतो असे नाही, तो कोणत्याही वयात होऊ शकतो. इन्सुलिन जवळजवळ शून्यावर आले की वर सांगितलेले सगळे लगाम एकदम सुटतात. यकृत अनिर्बंध साखर ओतू लागते, स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांची अमिनो आम्ले त्याच साखरेसाठी कच्चा माल म्हणून पुरवली जातात, आणि मेदपेशींतून सुटलेल्या मेदाम्लांपासून यकृत किटोन आम्ले बनवते. साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती पूर्णपणे परत शोषता येत नाही. ती लघवीतून जाते आणि सोबत पाणीही ओढून नेते. तहान, वारंवार लघवी, झपाट्याने उतरणारे वजन आणि शेवटी आम्लतेमुळे उलट्या, धाप व ग्लानी हा क्रम येथूनच सुरू होतो. रक्तात साखर भरपूर असूनही पेशी उपाशी राहतात, असे या अवस्थेचे वर्णन नेहमी केले जाते. मला ते दिशाभूल करणारे वाटते. साखर इतकी वाढलेली असते, की केवळ तिच्या आधिक्यामुळे बरेच ग्लुकोज इन्सुलिनच्या मदतीशिवायही पेशींत शिरते. मुख्य बिघाड अतिउत्पादनाचा असतो, आणि उपचारात इन्सुलिन दिल्यावर साखर उतरते तीही आधी यकृताचा पुरवठा आटल्यामुळे.

हे ज्ञान फार जुने नाही. १८८९ मध्ये योसेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यावर त्याला तीव्र मधुमेह झाल्याचे पाहिले, तेव्हा या आजाराचा स्वादुपिंडाशी असलेला संबंध सिद्ध झाला. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना अत्यल्प आहारावर ठेवून मृत्यू काही महिने पुढे ढकलण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात फारसे काही नव्हते. टोरंटो येथे फ्रेडरिक बॅंटिंग, चार्ल्स बेस्ट, जॉन मॅक्लाउड आणि जेम्स कॉलिप यांच्या प्रयत्नांतून स्वादुपिंडाचा अर्क तयार झाला आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो टोचण्यात आला. पहिला अर्क अशुद्ध होता आणि त्याचा फारसा उपयोग झाला नाही. कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिल्यावर मात्र त्या मुलाची साखर एका दिवसात ५२० वरून १२० वर आली आणि लघवीतील किटोन नाहीसे झाले. यातला दुसरा परिणाम पहिल्याइतकाच मोलाचा होता, कारण या मुलांचा जीव घेत होती ती प्रामुख्याने किटोनमुळे होणारी आम्लता.

आता दुसरा प्रश्न घेऊ. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन असते, कित्येकदा आकड्याने निरोगी माणसापेक्षा जास्तही असते, पण यकृत, स्नायू आणि मेदपेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. यालाच इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. सर्वच मधुमेहींचा प्रश्न केवळ इन्सुलिनच्या अभावाचा नसतो, हे हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. पुढे रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन मोजण्याची पद्धत शोधल्यावर ते प्रत्यक्ष आकड्यांत दिसले. प्रतिरोध सुरू झाला की बीटा पेशी अधिक इन्सुलिन स्रवून त्याची भरपाई करतात, आणि अशी अनेक वर्षे साखर सामान्य राहून निघून जाऊ शकतात. प्रतिरोध असलेल्या प्रत्येकाला मधुमेह होत नाही. ज्याच्या बीटा पेशी ही वाढीव मागणी पेलू शकत नाहीत त्याला होतो, आणि त्या किती तग धरतील यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

म्हणून तपासणीत इन्सुलिन ‘भरपूर’ आहे असे दिसले, तर ते कोणत्या साखरेच्या तुलनेत भरपूर आहे, हे आधी विचारावे. उपाशीपोटी साखर १६० असलेल्या माणसाचे इन्सुलिन जर साखर ९० असलेल्या माणसाएवढेच असेल, तर ते पुरेसे नाही. निरोगी बीटा पेशींनी १६० साखर पाहून त्याच्या कितीतरी पट इन्सुलिन स्रवले असते. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात निदानाच्या वेळीच बीटा पेशींची कार्यक्षमता सुमारे निम्म्यावर आलेली आढळली होती आणि पुढे ती घटतच गेली. थोडक्यात, साखर प्रथम वाढलेली दिसते तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. रोजच्या व्यवहारात मी रक्तातील इन्सुलिनची तपासणी क्वचितच सांगतो, कारण तिच्यावरून उपचार फारसे बदलत नाहीत. मधुमेह नेमका कोणत्या प्रकारचा आहे याबद्दल शंका असेल, तर सी-पेप्टाइड आणि बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडे तपासणे अधिक उपयोगी पडते. इन्सुलिन तयार होताना मूळ प्रथिनातून तेवढ्याच संख्येने सुटणारा तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड; तो टोचलेल्या इन्सुलिनमध्ये नसतो, त्यामुळे त्याच्या मोजमापातून रुग्णाचे स्वतःचे उत्पादन कळते.

प्रतिरोध येतो कोठून? त्याची कारणे अनेक आहेत, पण त्यांत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चरबी जेथे साठायला नको तेथे, विशेषतः यकृतात आणि स्नायूंत साठणे. बैठी जीवनशैली, अपुरी झोप आणि स्टेरॉइड औषधे त्यात भर घालतात. गरोदरपणात वारेतील संप्रेरकांमुळे काही काळ तो वाढतोच. या प्रतिरोधात एक विचित्र विसंगती असते. यकृत साखरेचे उत्पादन थांबवण्याबाबतचा इन्सुलिनचा आदेश मानत नाही, पण चरबी तयार करण्याचा आदेश मात्र इमानेइतबारे पाळत राहते. परिणामी साखरही वाढते आणि यकृतातील चरबीही, आणि त्या चरबीमुळे प्रतिरोध आणखी बळावतो. हे चक्र उलटे फिरवता येते, हे ब्रिटनमधील डायरेक्ट या चाचणीने दाखवले. चाचणीआधीच्या सहा वर्षांत निदान झालेल्या रुग्णांना त्यात नियंत्रित कमी उष्मांकाचा आहार देण्यात आला. वर्षअखेरीस त्यांच्यातील ४६ टक्के जणांची साखर औषधांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली आली, आणि १५ किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. आजार जुना झालेल्या आणि बीटा पेशी थकलेल्या रुग्णांना मात्र इतकी आशा दाखवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

एवढी पार्श्वभूमी पाहिल्यावर सकाळच्या साखरेचे कोडे अवघड राहत नाही. झोपेत असताना जेवण पोटात येत नसले तरी यकृताचे काम चालूच असते. निरोगी माणसात रात्रीचे थोडेसे इन्सुलिन त्याचा वेग बेताचा ठेवते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात तेवढ्याने यकृत आवरत नाही. त्यातच पहाटे वाढ-संप्रेरक आणि कॉर्टिसॉल वाढतात आणि इन्सुलिनचा प्रभाव आणखी कमी करतात. निरोगी बीटा पेशी त्या वेळी थोडे जास्त इन्सुलिन स्रवून हा चढ सपाट करतात, आजारी पेशींना ते जमत नाही. म्हणून रात्रीचे जेवण पूर्णपणे वगळल्याने सकाळचा आकडा अपेक्षेइतका उतरत नाही, आणि रुग्ण उगाच स्वतःला दोष देत बसतो. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांनी मात्र काही रात्री पहाटे तीनच्या सुमारास साखर मोजून पाहावी, किंवा सतत साखर मोजणारा सेन्सर लावावा. कारण रात्री साखर घसरत असेल तर सकाळच्या चढ्या आकड्याकडे पाहून डोस वाढवणे घातक ठरेल.

उपचारांचे तर्कशास्त्रही येथेच कळते. मेटफॉर्मिन प्रामुख्याने यकृताचे साखर-उत्पादन कमी करते, त्यामुळे त्याचा परिणाम उपाशीपोटीच्या साखरेवर ठळक दिसतो. रात्री घेतलेले दीर्घकाळ चालणारे इन्सुलिनही मुख्यतः तेच काम करते. जीएलपी-१ गटातील औषधे साखर वाढलेली असतानाच इन्सुलिनचा स्राव वाढवतात, ग्लुकागॉन कमी करतात आणि भूकही कमी करतात. एसजीएलटी-२ रोधक औषधे इन्सुलिनच्या वाटेला जातच नाहीत. ती मूत्रपिंडांतून साखर बाहेर टाकतात.

निदानाचे आकडे सर्वपरिचित आहेत, तरी नोंदवतो: उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, किंवा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा अधिक. लक्षणे स्पष्ट नसतील तर निदान पक्के करण्यासाठी दुसऱ्यांदा खात्री करून घ्यावी. वर्षानुवर्षे वाढलेली साखर दृष्टिपटल, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांना इजा करते, आणि चांगल्या नियंत्रणाने ती इजा मोठ्या प्रमाणात टळते, हे पहिल्या प्रकारच्या मधुमेहातील डीसीसीटी या चाचणीने १९९३ मध्ये निर्विवादपणे दाखवून दिले.

इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांनी एक मर्यादा समजून घ्यावी. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन असल्यामुळे ते गिळले तर पचून जाते, म्हणून टोचावे लागते. पण त्वचेखाली टोचलेले इन्सुलिन आधी सर्व शरीरात पसरते आणि मगच यकृतात पोहोचते, त्यामुळे यकृताला हवे तेवढे देताना स्नायूंना गरजेपेक्षा जास्त मिळते. शिवाय एकदा टोचले की साखर कितीही उतरली तरी ते थांबत नाही. या दोन उणिवांशी जुळवून घेण्यासाठीच पायाभूत इन्सुलिन आणि जेवणाचे इन्सुलिन अशी विभागणी केली जाते. पायाभूत इन्सुलिन चोवीस तास, काही प्रकारांत त्याहून अधिक काळ, संथपणे काम करते आणि यकृत व मेदपेशींना आवरून धरते. जेवणाचे जलद इन्सुलिन १०-२० मिनिटांत सुरू होऊन तीन ते पाच तास चालते आणि येणाऱ्या अन्नाचा बंदोबस्त करते. जलद इन्सुलिनचा एक डोस संपण्याआधी घाईने दुसरा घेतल्यास दोहोंचा परिणाम एकावर एक चढतो आणि साखर कोसळते. टोचण्याची जागा बदलत राहणे ही गोष्ट किरकोळ वाटते, पण एकाच जागी टोचून गाठ आलेल्या त्वचेतून इन्सुलिन अनियमितपणे शोषले जाते, आणि साखरेच्या न उलगडणाऱ्या चढउतारांचे कारण मला कितीदा तरी पोटावरची ही गाठ हाताने चाचपून सापडलेले आहे.

साखर ७० च्या खाली गेली तर लगेच विरघळणारी १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घ्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि ती ७० च्या वर आली नसेल तर तेवढेच पुन्हा घ्यावे. घाम, थरथर आणि छातीतील धडधड ही अ‍ॅड्रेनॅलिनची इशारेवजा लक्षणे आहेत. वारंवार साखर उतरणाऱ्यांमध्ये ती बोथट होतात आणि माणूस थेट गोंधळतो किंवा बेशुद्ध पडतो. अशा रुग्णांसाठी साखरेचे लक्ष्य थोडे सैल ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिनची शिफारस झाली की बहुतेकांना ती शिक्षा वाटते. इन्सुलिनने मूत्रपिंडे खराब होतात, हा समज तर उलट्या दिशेचा आहे. ती वर्षानुवर्षे अनियंत्रित राहिलेल्या साखरेने खराब होतात, आणि इन्सुलिन त्यानंतर सुरू झालेले असल्यामुळे आरोप त्याच्यावर येतो. एकदा सुरू केलेले इन्सुलिन कधीच बंद होत नाही, हेही सरसकट खरे नाही. फार वाढलेली साखर स्वतःच बीटा पेशींना निष्प्रभ करते. काही आठवडे इन्सुलिन देऊन साखर ताळ्यावर आणली, तर त्या पेशी काही अंशी सावरतात आणि अनेक रुग्ण पुन्हा गोळ्यांवर येऊ शकतात. पहिल्या प्रकारात मात्र इन्सुलिनला पर्याय नाही, आणि ते बंद करून दुसरा कोणताही उपाय करून पाहणे जिवावर बेतते.

शेवटी तिसरा प्रश्न, आणि तिन्हींतला सर्वांत तातडीचा. जेवण नाही म्हणजे साखर येणार नाही, मग इन्सुलिन कशाला, हा विचार किल्लीच्या चित्रातूनच येतो. आजारपणात कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनॅलिन वाढतात, यकृत नेहमीपेक्षा जास्त साखर सोडते आणि इन्सुलिनची गरज अनेकदा वाढते. पहिल्या प्रकारचा मधुमेह असणाऱ्यांनी म्हणून पायाभूत इन्सुलिन कधीही पूर्णपणे बंद करू नये. जेवणाचे इन्सुलिन तेवढे प्रत्यक्ष खाल्लेल्या अन्नानुसार कमी करावे. दर दोन ते चार तासांनी साखर मोजावी, किटोन तपासावेत आणि पाणी थोडेथोडे पण सतत घ्यावे. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांनी उलट्या-जुलाब चालू असताना मेटफॉर्मिन आणि एसजीएलटी-२ रोधक तात्पुरते थांबवण्याबाबत आपल्या डॉक्टरांना लगेच विचारावे, आणि अन्न पोटात राहत नसेल तर सल्फोनिलयुरियाबाबतही. एसजीएलटी-२ रोधक घेणाऱ्यांना विशेष सावध राहायला हवे, कारण साखर लघवीवाटे जात राहिल्यामुळे रक्तातला आकडा २०० च्या आतच दिसू शकतो आणि तरीही आतून किटोनची आम्लता वाढत असू शकते. ग्लुकोमीटरवरचा साधारण बरा आकडा येथे दिलासा देत नाही. रक्तातील किटोन दर लिटरला १.५ मिलिमोल किंवा अधिक असतील तर त्याच वेळी डॉक्टरांशी बोलावे. ते ३ च्या वर गेले, उलट्या थांबत नसल्या, श्वास खोल आणि जलद होऊ लागला किंवा रुग्ण ग्लानीत जाऊ लागला, तर घरी आणखी एक डोस घेऊन वाट न पाहता सरळ रुग्णालयात जावे, आणि तेथे पोहोचताच रुग्ण कोणते इन्सुलिन व कोणत्या गोळ्या घेतो आणि शेवटचा डोस केव्हा घेतला हे सर्वांत आधी सांगावे.